प्रभाकरचा काळा

माझ्या फोनमध्ये प्रभाकरचं नाव 'जपानी' असं आहे. अजून काढलेलं नाही. काही आठवड्यांपूर्वी एका सकाळी तो नंबर वाजला तेव्हा मी नांदेडला माझ्या प्रेसमध्ये एका लग्नपत्रिकेत नवरीच्या मामांची नावं बसवत होतो. मामा भरपूर आणि जागा थोडी, त्यामुळे डोकं आधीच फिरलेलं. फोन कानाला लावला आणि रोजच्यासारखं विचारलं, "काय जपानी, हायेस का गेलास?" पलीकडून त्याच्या लेकीचा, स्नेहलचा आवाज आला. "गेले, काका... पहाटं गेले."

नको तिथं नको ते बोलण्यात आणि छापण्यात माझा हात धरणारा आमच्या भागात दुसरा नाही. एका तेराव्याच्या कार्डावर मी 'आपली उपस्थिती हाच आमचा आनंद' ही ओळ छापून दिलेली आहे, आधीच्या लग्नाचा मजकूर पुसायचा राहिला म्हणून. त्या घरच्यांनी मला जेवायला बोलावलं नाही. प्रभाकरला हा किस्सा फार आवडायचा. लातुरात कुणीही नवा माणूस भेटला की तो माझी ओळख याच किश्श्यानं करून द्यायचा आणि मला 'छापखाना' म्हणायचा. मी त्याला जपानी म्हणायचो. खरी नावं आम्ही फक्त एकमेकांच्या बायकांसमोर वापरायचो.

आमची गाठ पडली ती नांदेडला, चित्रकला शिक्षकाच्या डिप्लोम्याला. तो देवणीकडचा, मी इथलाच. परीक्षेत स्थिरचित्रासाठी समोर अर्धापूरच्या केळ्यांचा घड ठेवला होता. वेळ संपायच्या आत मी त्यातली दोन खाल्ली. मास्तरांनी मला बाहेर काढलं, मी वडिलांच्या प्रेसमध्ये गेलो, आणि प्रभाकर पहिला येऊन लातूरच्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक झाला. पण त्याच्या आधीच, कोर्स चालू असताना, एका रद्दीच्या दुकानात त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आम्ही स्वस्तात कागद मिळतो का ते बघायला गेलो होतो. तिथं एका जुन्या, कव्हर गेलेल्या मासिकात एका जपानी चित्रकाराचं चित्र होतं. पानभर नुसता काळा. त्यातून केसाएवढी एक पांढरी तिरकी रेघ, आणि खालच्या कोपऱ्यात त्याचा लाल शिक्का. मी म्हणालो, मशीनवाल्याकडून शाई सांडलेली दिसते. प्रभाकरनं ते मासिक विकत घेतलं, आणि खोलीवर येईपर्यंत सदऱ्याच्या आत, छातीशी धरून आणलं... मला वाटलं पोरगं खुळं झालं.

खुळं झालंच होतं. त्या चित्रकाराचं नाव मला कधी धड म्हणता आलं नाही; प्रभाकर त्याला नुसतं 'म्हातारा' म्हणायचा, मासिकातल्या फोटोत तो चांगला तरणाबांड असतानासुद्धा. लातूरच्या घरी मागच्या खोलीत प्रभाकरनं आपला काळा तयार करायला घेतला. खाली करडईच्या तेलाचा दिवा, वर उलटं टांगलेलं पितळी ताट. ताटावर धरलेली काजळी खरवडायची, डिंकाच्या पाण्यात खलायची, प्लायवूडवर थर द्यायचा, वाळला की घासायचा, पुन्हा थर. असं वर्षानुवर्षं. सुमनवहिनी म्हणायच्या, "भाऊजी, लोकाच्या घरी माणसं ताटात जेवतेत, आमच्या घरी ताटच जेवतंय, वाटी वाटी तेल." खोलीच्या छताला दिव्याच्या वर काळा गोल झाला होता, घरमालक प्रत्येक भेटीत त्याच्याकडं बघून सुस्कारा सोडायचा.

दुसरा रंग त्याच्या हाताला वर्षातून एकदाच लागायचा. एप्रिलातली जयंती जवळ आली की वस्तीतली पोरं यायची, "सर, कमान." मग प्रभाकर शिडीवर चढून बादलीभर निळा कमानीला लावायचा, जीव लावून लावायचा, अक्षरं अशी काढायचा की लांबून वाचता यावीत. कोपरापर्यंत निळा होऊन घरी यायचा आणि रॉकेलनं हात स्वच्छ केल्याशिवाय मागच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. मी एकदा म्हटलं, एवढा निळा उरतोय तर लाव की तुझ्या चित्रात. तो म्हणाला, "निळा समद्यांचा हाय. त्याच्यात माझं काय? काळा माझा हाय."

या काळ्याचं कौतुक कुणी केलं असं मला आठवत नाही. नांदेडला आम्ही एक हॉल घेऊन प्रदर्शन भरवलं. निमंत्रणं मी छापली, त्यामुळे त्यावर वेळ छापायची राहिली. आलेल्यांपैकी एकानं, याला मागून लाइट लागते का, असं विचारलं. त्यातलं एक चित्र प्रभाकरनं शाळेला भेट दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, फळा छान झालाय सर. दुसऱ्या दिवशी त्यावर खडूनं तारीख, वार आणि सुविचार लिहिलेला होता. प्रभाकरनं पुसला नाही. मला फोनवर एवढंच सांगितलं की अक्षर चांगलं आहे. पण तो खचायचा नाही, कारण त्याच्यापाशी म्हातारा होता. जगात कुणीतरी हेच करतोय आणि त्याला लोक मानतात, एवढ्यावर तो उभा होता. माझ्यासारख्याला त्याच्यावर हसायची मुभा होती ती त्यामुळेच.

मग किडन्या गेल्या. आठवडा डायलिसिसच्या मशीनच्या दिवसांत वाटला गेला, ताट रिकामं टांगलेलं राहू लागलं. आणि नेमकं तेव्हाच त्यानं पेपरात वाचलं की म्हाताऱ्याच्या आयुष्यभराच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन दिल्लीच्या एका संग्रहालयात आलंय. स्नेहल त्याला मोबाईलवर चित्रं दाखवायला गेली तर त्यानं फोन पालथा घातला. मोबाईलमधला रंग बघणं म्हणजे जेवणाचा फोटो चाटणं, असं तो म्हणायचा. त्याला जाता येणार नव्हतं. माझा मुलगा दिल्लीत नोकरीला, मी तसाही त्याच्याकडं निघालो होतो. मी निरोप घ्यायला लातूरला गेलो तेव्हा त्यानं ते मासिक काढलं आणि त्या पानावर बोट ठेवलं. "माझा काळा मरून राहिला रं, छापखाना. त्याचा जिता हाय. म्हाताऱ्यानं खाली कायतरी लावलंय, लाल नाहीतर तपकिरी. चित्राच्या काठाला दिसंल. तेवढं बघून सांग. मग एक शेवटचं करतो न् झोपतो."

एवढं एकच काम होतं. मी संग्रहालयात गेलो आणि पिशवी बाहेर जमा करताना चष्मा त्या पिशवीत देऊन मोकळा झालो. पहिले दोन हॉल मी धुक्यात पाहिले. एका पडद्यावर म्हातारा, आता खरोखरचा म्हातारा, दगड कुटून त्याची पूड सरसात कालवत होता. कसला दगड ते मला दिसत नव्हतं. काळं चित्र कुठंच सापडेना. शेवटी रखवालदाराला विचारलं, "भैया, वो काला वाला किधर है?" तो म्हणाला, "काला तो कोई नहीं है, साहब." मी मनात म्हटलं, याला काय कळतंय. परत जाऊन चष्मा आणला. आणि मग मोठ्या हॉलच्या समोरच्या भिंतीवर ते दिसलं. तीच केसाएवढी तिरकी रेघ. कोपऱ्यात तोच लाल शिक्का. आणि बाकीची सगळी भिंत निळी.

नुसता निळा नव्हे, खोल पाण्यासारखा, बघता बघता आपल्याला आत घेणारा निळा. मी काठाजवळ नाक नेलं, रखवालदारानं मागं ओढलं. काठालाही निळाच होता, खाली आणखी निळा. म्हणजे पडद्यावर म्हातारा कुटत होता तो दगडसुद्धा निळाच... तिथं बाकावर बसल्यावर मला कळलं. ते मासिक दोन रंगांत छापलेलं होतं. काळा आणि लाल. पत्रिकेत देव लाल आणि मजकूर काळा छापतात तसं. निळ्याला शाईच नव्हती, म्हणून तो काळ्यात गेला. शिक्का लाल दिसतोय म्हणजे छपाई रंगीत आहे, मग काळा तो काळाच, असं प्रभाकरनं धरलं होतं. तो चित्रकार; त्यानं धरलं तर एक वेळ ठीक. पण मी जन्मभर दोन रंगांतच पोट भरलेला माणूस. ते पान माझ्या नाकासमोर किती वेळा आलं असेल. मी दर वेळी शाई सांडल्याचाच विनोद केला.

बाहेर पायऱ्यांवर येऊन फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला. मशीनवर होता, मागं त्याचा आवाज येत होता. "खाली काय लावलंय?" मी म्हटलं, "लाल." आणि लगेच जोडलं, "खाली लाल, वर काळा. काळंच आहे सगळं." तो म्हणाला, "मला ठाऊक होतं."

त्यानंतरचे दिवस त्याचे फार चांगले गेले, असं स्नेहलनं मला नंतर सांगितलं. जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले, मोठं प्लायवूड मागवलं, लाल माती चाळून घेतली. वहिनींना दिवा लावायला सांगितलं. तिकडं माझ्या मुलानं प्रदर्शनाचं जाडजूड पुस्तक विकत घेऊन मला दिलं, "प्रभाकरकाकांना नेऊन द्या." मला केवढा आनंद झाला. दिल्लीहून घरी आलो, आणि नांदेड ते लातूर बसमध्ये ते पुस्तक मांडीवर घेऊन बसलो, कोपरे दुमडू नयेत म्हणून. लोह्याला चहा घेतला, अहमदपूरला भजी खाल्ली, तेलकट हात पुस्तकाला लागू दिले नाहीत. आत काय छापलंय हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. खोटं बोलायला अक्कल लागते, आणि बोललेलं लक्षात ठेवायला त्याहून जास्त.

डोक्यात आलं ते वहिनींनी पुस्तक पिशवीतून काढून त्याच्या मांडीवर ठेवलं तेव्हा. मी म्हणालो, नंतर बघ, आधी मशीनचं कसं चाललंय सांग. त्यानं ऐकलं नाही. पानं उलटत गेला, हळूहळू, बोट न लावता, नखानं. एका पानावर थांबला. रेघ होती, शिक्का होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. भिंतीला ते कोरं प्लायवूड टेकवून ठेवलेलं होतं, माणसाएवढं. खालच्या अर्ध्या भागाला मातीचा लाल हात देऊन झाला होता.

"छपाई बिघडली ह्यांची," प्रभाकर म्हणाला. "काळ्याचं निळं करून ठिवलं. तुझ्याच प्रेसमधी दिलतं का रं?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, जरा जास्तच. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. त्यानं पान उलटलं नाही. त्याच्याकडंच बघत, माझ्याशी नाही तर त्या पानाशी बोलल्यासारखं म्हणाला, "निळा तर आपल्याकडं बादलीनं होता रं..." मग पुस्तक मिटलं, आणि दिल्लीत आता थंडी किती आहे, मुलाचं कसं चाललंय, असं विचारत राहिला. चित्र केवढं मोठं होतं हे त्यानं विचारलं नाही. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, त्यानंही नाही. फोनवर आम्ही पूर्वीसारखेच बोलायचो, हायेस का गेलास. तो हाय म्हणायचा.

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी लातूरला गेलो. कार्ड मीच छापलं होतं, प्रत्येक अक्षर तीनदा वाचून, आणि त्यात एकही चूक नव्हती. त्याला फार कंटाळवाणं वाटलं असतं. मागच्या खोलीत चित्रं भिंतीकडं तोंड करून रचलेली होती. घरमालकानं छताला पुट्टी लावून घेतली होती. काळा गोल गेला होता, पुन्हा वर आला नाही. पंगतीत वहिनींनी मला वाढलं ते एका लखलखीत पितळी ताटात. ताटाच्या काठाला टांगायची भोकं होती. माझं लक्ष गेलेलं बघून त्या म्हणाल्या, "त्यांनीच घासायला लावलं, भाऊजी. तुम्ही ते पुस्तक देऊन गेलाव ना, त्याच दिवशी. म्हणले, घास, जेवायला होईल." त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं. उलट इतक्या वर्षांनी ताट घरात आल्याचं बरंच वाटलं असावं. मी वाढलेलं सगळं संपवलं.

निघताना स्नेहलनं एक चित्र माझ्या हातात दिलं. बाकीच्यांचं काय करायचं म्हणून विचारलं, मी चित्र बांधायला सुतळी मागितली. ते चित्र प्रेसमध्ये माझ्या टेबलासमोर लावलंय. पत्रिका द्यायला आलेली माणसं त्याच्याकडं बघत बसतात आणि मग म्हणतात, टीव्ही लावा की. दुपारी दारातून ऊन आत येतं तेव्हा मी चष्मा पुसून जवळ जातो, काठाला नाक लावून बघतो. इथं मागं ओढायला कुणी नाही. खाली काहीतरी असेल, एखादा थर, कमानीच्या बादलीतला चुकून राहिलेला एखादा शिंतोडा...

काळंच आहे.