अठ्ठेचाळीस भोकांची शेती

आमच्या गच्चीवर वर्षभरात भाजी किती निघाली हे विचारू नका, सांगताना मलाच लाज वाटते. किस्से किती निघाले ते विचारा! भाजीला निदान महिना-सव्वा महिना लागतो, किस्सा रोज एक उगवतो. त्याला ना खत लागतं, ना मोटर. ऑफिसातले लोक तर आता डबा उघडायच्या आधीच विचारतात, "काय हो, आज काय बुडालं?"

आधी हे लचांड मागं कसं लागलं ते सांगतो. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, नेसरी गावचे. सगळा जन्म रानात गेला. गेल्या साली गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर चिखलात पाय घालायचा नाही. शेती माझ्या धाकट्या भावानं घेतली आणि आप्पा आमच्याकडं शिवाजी पेठेत आले. आले ते गच्चीवर खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडं बघत बसले. बोलणं कमी, जेवण त्याहून कमी. आप्पांना असं रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझा मित्र भूपाल मगदूम भेटला. म्हणाला, "हायड्रोपोनिक्स कर की लेका! माती न्हाय, चिखल न्हाय, आप्पा उभ्या उभ्या शेती करतील!" मला पटलं. चार पाइप, त्यांना अठ्ठेचाळीस भोकं, प्रत्येक भोकात एक रोप, खाली खताच्या पाण्याचा ड्रम आणि ते पाणी दिवसभर पाइपांतनं फिरवायला ड्रममध्ये बुडवलेली एक छोटी मोटर. माझी अपेक्षा एवढीच होती, की आप्पांनी आपलं समजून त्यात एकदा हात घालावा.

आप्पांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. "माती न्हाय आनि शेती म्हनं! मी न्हाय हात लावनार."

*

भोकं मी स्वतः पाडली. दोन रविवार गेले, अंगठ्याची साल गेली. मग पाइपांची टोकं बंद करायला आणि मोटर जोडायला पेठेतला प्लंबर बोलावला. त्याला काम समजावून सांगितलं आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी येऊन बघतो तर पठ्ठ्यानं वरच्या पाइपाची बाराच्या बारा भोकं पत्र्याचे तुकडे आणि पुट्टी लावून बंद केलेली! वर घासून गुळगुळीत!

"पावणं, लई गळकं पाइप घावलं तुमास्नी," तो म्हणाला. "कुनी गळ्यात मारलं? बारा झाली. बाकीची उद्या येऊन मुजवतो."

मी कपाळावर हात मारला. आप्पा तिथंच खुर्चीवर बसलेले होते, सकाळपासून! "आप्पा, तुम्हाला माहीत होतं की भोकं कशाला आहेत. सांगायचं नाही होय त्याला?"

आप्पा म्हणाले, "मला वाटलं, एक तरी श्याना मानूस आलाय घरात."

*

बुजवलेली बारा भोकं मी पुन्हा पाडली आणि शेती सुरू झाली. या शेतीत पाणी जपावं लागतं. ते किती आंबट आहे आणि त्यात खत किती आहे, हे रोज मीटरनं मोजायचं. मी सकाळी मोजायचो, संध्याकाळी मोजायचो आणि वहीत लिहून ठेवायचो. एकदा आकडा बिघडला म्हणून मी जेवता जेवता उठून गच्चीवर पळालो.

परत आलो तर माझी बायको वैशाली ताट झाकून बसली होती. "एक विचारू का?" ती म्हणाली. "माझं बीपी शेवटचं कधी तपासलं होतं?"

मी नकळत हातातली वही चाळायला लागलो.

"तुमच्या त्या ड्रमात येऊन बसते उद्यापासनं. निदान दिवसातनं दोनदा नंबर लागंल!"

*

पहिलं पीक लेट्यूसचं आलं आणि खरी पंचाईत झाली. हे खातात कसं, हेच आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. वैशालीनं पीठ पेरून भाजी केली. कढईभर पाला घातला आणि वाटीभर चिखल निघाला. मी "छान झालीय" म्हणालो. तिनं दुसऱ्यांदा वाढली. मग मीच मोठ्या आवाजात म्हणालो, आता शेजाऱ्यांनाही द्यायला पाहिजे.

गल्लीच्या तोंडाशी तालीम आहे. तिथल्या एका पैलवानाला मी चांगले सहा गड्डे नेऊन दिले. वर भाषणही दिलं: औषध फवारलेलं नाही, कच्चंच खायचं, तब्येतीला उत्तम. त्यानं एक पान मोडून तोंडात टाकलं आणि डोळे मिटून बराच वेळ चावलं. मला वाटलं, आवडलं.

मग तो फार अदबीनं म्हणाला, "काका, ह्ये म्हशीला घाला आनि त्या म्हशीचं दूध मला द्या!"

*

मग रोपांवर मावा पडला. फवारा मारला तर पानं करपली, नाही मारला तर मावा वाढला. भूपालला फोन केला की तो व्हिडिओ पाठवायचा. प्रत्येक व्हिडिओत एक हसतमुख माणूस आणि त्याच्या मागं हिरवंगार रान! शेवटी वैतागून मी थेट त्याच्या घरी गेलो. म्हटलं, तू तुझं कसं सांभाळतोस ते डोळ्यांनी बघू दे.

गच्चीवर त्याचेही चार पाइप होते. त्यांवर ओळीनं बनियन, टॉवेल आणि एक सतरंजी वाळत घातली होती.

"आमचं कवाच बंद पडलं की रे," भूपाल म्हणाला. "आईनं कापडं वाळत घातली, ती बरी वाळाय लागली."

"मग मला कशाला करायला लावलंस?"

"म्हटलं, तुजं तरी चालतंय का बगू!"

*

आता आप्पांचं ऐका. माझी शेती बघायला कुणी आलं की मी हौसेनं सगळं समजावून सांगायचो. आप्पा भिंतीकडं तोंड करून ऐकायचे आणि पाहुणा जिना उतरायला लागला की हळूच म्हणायचे, "दवाखाना हाय त्यो. झाडास्नी सलाईन लावलंय."

सगळ्या नात्यात हे पसरलं. गावाकडून फोन यायचे, "दवाखान्यात किती पेशंट हाईत?" तेही मी सोसलं असतं. पण आप्पा रोज सकाळी भावाला फोन लावून भाताला पाणी दिलं का, भांगलण झाली का, बांधावरचं गवत काढलं का, असं खोदून खोदून विचारायचे. माझी अठ्ठेचाळीस रोपं त्यांच्यापासून दोन हातांवर उभी असायची. पण रोपांकडं त्यांची मान वळत नव्हती. खरं सांगतो, मला त्या भाताचा हेवा वाटायचा.

*

एका सकाळी गच्चीवर गेलो तर वासानं डोकं उठलं. ड्रममधलं पाणी काळं झालेलं, मोटर घरघर करून बंद पडलेली, पाइपांत लेंडकासारखं काहीतरी अडकलेलं. नीट बघितलं तर शेणखत! भाऊ आदल्या दिवशी भाजी घेऊन आला होता, त्याच पोत्यातनं आप्पांनी ते मागवलं होतं.

"उपाशी हुती बिचारी," आप्पा म्हणाले. "नुसत्या पान्यावर कोन जगतंय?"

माझा तोल गेला. मी नको तेवढा ओरडलो. मीटर काय, खत काय, माझे रविवार काय, सगळं बाहेर काढलं. आप्पांनी काठी घेतली, एक एक पायरी उतरून खाली गेले आणि पुढचे आठ दिवस गच्चीवर आले नाहीत. खालीच कॉटवर पडून राहायचे.

वैशालीनं मला बाजूला घेतलं. "ह्ये सगळं आप्पांसाठी केलं होतं की लेट्यूससाठी?"

मोटर धुताना स्वतःचाच इतका राग आला होता, की ती तीनदा हातातून पडली.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. ऑफिसातनं आलो तर जिन्यातच पुरणपोळीचा वास. वैशाली म्हणाली, "बेंदूर न्हाय का आज? विसरलासा व्हय?" बैलांचा सण, त्यांच्या सुट्टीचा दिवस. गावी असते तर आप्पा पहाटेपासून बैल धूत बसले असते. इथं कुठला बैल आणि कुठलं काय. मला वाईट वाटलं.

"आप्पा कुठं आहेत?"

"वर हाईत. सकाळी नवाला गेलेत, जेवायलासुद्धा खाली आले नाहीत."

मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो. दारातच थबकलो. पाण्याचा आवाज नव्हता! ऊन असताना मोटर दोन तास बंद राहिली तर मुळं वाळतात, हे मी घरात शंभरदा सांगितलं होतं.

मोटर ड्रमातनं बाहेर काढून पाटावर ठेवली होती. घासून पुसून लख्ख. तिला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती, वायरला लाल गोंडा बांधला होता. पुढं पानावर पुरणपोळी, तिच्यावर तूप.

आणि आप्पा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन पाइपाशी उभे होते. एका भोकात पाणी ओतायचं, मग पुढच्या. सदरा घामानं भिजून पाठीला चिकटला होता. रोपं थोडी मलूल होती, पण सगळी उभी होती.

"आप्पा, मोटर का काढली?"

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांच्या पोटी जन्मलोच नव्हतो.

"बेंदरादिशी जुपत्यात व्हय कुनी?" ते म्हणाले. "आदी पाया पड तिच्या. मग ह्यो तांब्या धर. खालची ओळ ऱ्हायलीया."