कवळीकाकांचा आपटा

कवळीकाका समोरच्याच्या डोळ्यांत बघून कधी बोलले नाहीत. ते दातांकडे बघून बोलत. तुम्ही घरातलं आजारपण सांगत असा नाहीतर लग्नाची पत्रिका देत असा, काकांची नजर तुमच्या ओठांच्या मधोमध. आमच्या पनवेलच्या सोसायटीतल्या बायका त्यांच्याशी तोंडावर पदर नाहीतर ओढणी धरून बोलायच्या आणि त्यांची पाठ वळली की नावं ठेवायच्या. पण काकांनी उभा जन्म दुसऱ्यांचे दात करण्यात घालवला होता. बाजारातल्या एका बोळात त्यांची खोली होती. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवायचे आणि काका त्यावरून कवळ्या करून द्यायचे. दारावर आडनावाची पाटी होती, तरी पोस्टमनसुद्धा "कवळीकाका आहेत का?" असंच विचारायचा.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती मी स्कूटरवरून पडून पुढचा दात तोडून घेतला तेव्हा. मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहायचे. डॉक्टरांनी ठसा पाठवला आणि संध्याकाळी काका स्वतःच दातांच्या रंगांची पट्टी घेऊन दारात उभे. "ठशावरून दात कळतो, बाई. माणूस कळत नाही. चहा कितीदा घेता?"

"दोनदा."

"खोटं. शेजारचा दात वेगळं सांगतोय."

मी म्हटलं, नवा करताच आहात तर चांगला पांढराशुभ्र करा. "पांढराशुभ्र हवा असेल तर फ्रिजच्या दुकानात जा," म्हणाले आणि जिना उतरले. दात तयार होऊन आला तो चहाने पिवळसर झालेला, कडेला एक करडी रेघ असलेला. माझं डोकंच फिरलं. पण बसवून आरसा पाहिला तर यातला नवा कुठला, ते मलाच सांगता येईना. काकांच्या स्वतःच्या तोंडात पूर्ण कवळी होती, तीही त्यांनीच केलेली. सुळा जरासा वाकडा, पुढच्या दातांवर तंबाखूचे डाग. "माझे असेच होते," ते म्हणायचे. "म्हातारपणी उगाच सुंदर कशाला होऊ?"

धंदा बंद केल्यावर त्यांनी हॉलमधला सोफा विकून टाकला आणि तिथे फळ्यांचं एक मोठं टेबल ठोकलं. बायको आधीच गेली होती, मुलगा बंगलोरला, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. त्या टेबलावर काकांनी आपटा उभा केला. आपटा हे त्यांचं गाव, पाताळगंगेच्या काठचं. रूळ, स्टेशन, मागचे डोंगर, नदीचा तुकडा, सगळं वीतभर उंचीच्या जगात. मुलाने पाठवलेली खेळण्यातली आगगाडी हे नुसतं निमित्त होतं. कवळीसाठी वापरायचं प्लास्टर शिल्लक होतं, त्याचे डोंगर झाले, आणि दात कोरायच्या हत्यारांनी त्यांनी डोंगरांच्या कडा कोरल्या. गोणपाटाचे धागे कापून गवत केलं, चहाचा चोथा वाळवून, चाळून माती केली. सकाळी दूधवाल्याला सांगायचे, "जरा आपट्याला जाऊन येतो," आणि हॉलचं दार लावून घ्यायचे.

लोक बघायला यायचे आणि हिरमुसून जायचे. खेळण्यातली रेल्वे म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर हिरवीगार कुरणं आणि लाल कौलं असायची. इथे वैशाखातली दुपार होती. गवत करपलेलं, नदी खडकाला लागलेली, शेतांतून काळे चौकोन. "काका, हे जळलंय काय?" असं जो तो विचारायचा. एकदा आमच्याकडे उरणहून येणारी मासेवाली दारातून डोकावली आणि म्हणाली, "काका, राब भाजून ठेवलाय, पाऊस नाय आला अजून तुमच्या गावाला?" पावसाआधी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा टाकून जमीन भाजतात, तो राब. त्या दिवशी काकांनी तिच्याकडून गरज नसताना बांगडे घेतले आणि अर्धे मला आणून दिले. मी शाकाहारी, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

"हिरवा रंग म्हणजे आळस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटचा हात ते धुळीचा द्यायचे, आणि धूळही त्यांना विकतची चालत नसे. हायवेवरच्या डंपरांची धूळ आमच्या खिडक्यांत थर करून बसते. काका ती साठवायचे, चाळायचे आणि गालाला लाली लावायच्या ब्रशने कौलांवर, रुळांवर, झुडपांवर बसवायचे. त्यापायी समोरच्या सुनंदावहिनींशी त्यांची रोज वादावादी व्हायची. सुनंदावहिनी त्यांना दोन्ही वेळचा डबा द्यायच्या, घराची एक किल्लीही त्यांच्याकडेच असायची, आणि खिडकी पुसल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. "अहो काका, माणसं राहतात की उंदीर इथे?" त्या म्हणायच्या. "माणसं राहतात म्हणून तर धूळ आहे," काका ओरडायचे. "खिडकीला हात लावाल तर डबा परत पाठवीन!"

या सगळ्या उद्योगाचं मूळ मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर मी 'बाई'ची 'शैला' झाले होते. स्टेशनाच्या भिंतीला टेकून एक बाक होता, नखाएवढा, रिकामा. त्याच्या मागे भिंतीवर तेलकट डाग होता. काका म्हणाले, "आई इथे बसायची." तरुणपणी ते मुंबईत हे काम शिकत होते आणि दर शनिवारी दिव्याला गाडी बदलून घरी यायचे. गाडीचा काही भरवसा नसे. आई दुपारपासूनच या बाकावर येऊन बसायची, डोकं भिंतीला टेकून. खोबरेल तेल चोपडलेलं डोकं. "डाग एकट्या तिचा नाही गं, नंतर गावातली किती डोकी टेकली असतील. पण सुरुवात तिची. चुना मारला तरी पावसाळा उलटला की तेल पुन्हा वर येतं." मी विचारलं, मग आईची छोटी बाहुली करून बसवा की. "बाहुली बाहुलीच दिसेल," ते म्हणाले. "डाग आहे ना."

हा डाग त्यांनी आठवणीतून केला नव्हता. आठवणीवर त्यांचा विश्वासच नव्हता. "आठवण रंगारी आहे, सगळ्यावर एक हात मारून जाते," असं ते म्हणायचे. कित्येक रविवार ते रोह्याच्या गाडीने आपट्याला गेले, त्या भिंतीसमोर उभे राहिले आणि घरी येऊन सुईच्या टोकाने थेंबाथेंबाने तेल लावत बसले. गाडी मात्र ते कधी फलाटावर आणत नसत. ती डोंगराआड उभी असायची आणि सिग्नल पडलेला असायचा. पोरं हट्ट करायची तेव्हा म्हणायचे, "येईल, येईल. अजून वेळ आहे." पुढे रुळांचं काम निघालं तेव्हा स्टेशनाला नवा रंग लागला. या वेळी चुना नव्हता, ऑइल पेंट होता. काका बघून आले आणि एवढंच म्हणाले, "आता वर यायचा नाही. बरं झालं, मी उतरवून घेतला होता."

त्यानंतरच्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. महिनाभर हॉस्पिटलात होते. मी नेमकी त्या दिवसांत बहिणीच्या बाळंतपणासाठी नाशिकला. काकांची पंचाहत्तरी तोंडावर आली होती, म्हणून सोसायटीने त्यांना सरप्राइज द्यायचं ठरवलं. किल्ली होतीच. मी परतले त्याच संध्याकाळी काकांना घरी आणलं. हॉलमध्ये फुगे, केक, सगळी मंडळी दाटीवाटीने उभी आणि सेक्रेटरी दिव्याच्या बटणावर हात ठेवून.

दिवा लागला. आपटा लखलखत होता. धूळ ओल्या फडक्याने पुसून काढलेली. डोंगर पोपटी. राबांवर प्लॅस्टिकची फुलं. नदीला निळा रंग. गाडी डोंगराआडून काढून फलाटाला लावलेली. बाकावर केकवरची नवरा-नवरी बसवलेली. आणि मागची भिंत पिवळीधमक.

टाळ्या वाजल्या. काका वॉकर सरकवत टेबलापाशी गेले, वाकले आणि बाकामागे बोट लावलं.

"इथे काय लावलंत?"

"ऑइल पेंट, काका!" सेक्रेटरी म्हणाले. "आता कितीही मळलं तरी नुसतं पुसून घ्यायचं!"

सुनंदावहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "आठवडाभर खपतोय सगळे. किती मळलं होतं हो! तुम्हाला एकट्याला होत नसणार."

खिडकी पुसली म्हणून डबा परत पाठवायला निघणारा हा माणूस आता घर डोक्यावर घेणार, याची मी वाट बघत होते. मला तेच हवं होतं. काकांनी सगळ्यांकडे पाहिलं, नेहमीसारखं, तोंडांकडे. "छान झालंय," ते म्हणाले. "खूप मेहनत घेतलीत." मग त्यांनी केक कापला.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्यावर चिडले. "बोलला का नाहीत?"

"सगळ्यांचे दात दिसत होते," ते म्हणाले. "इतकं मनापासून हसताना माणसं सहसा दिसत नाहीत. काय बोलणार?"

"मग पुन्हा करा डाग. मी मदत करते."

"कुठे बघून करू, शैला?"

त्यानंतर हॉलचं दार बंदच राहिलं. काका आतल्या खोलीत पडून असायचे. सुनंदावहिनींचा डबा येत राहिला आणि ते मुकाट्याने जेवत राहिले. खिडक्या रोज पुसल्या जात होत्या आणि त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. सगळे म्हणायचे, काका किती निवळले! दिवाळी झाली आणि ते झोपेतच गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. मी दुष्टपणाने बोलतेय हे मला कळतं, पण चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने त्यांना पुसून टाकलं असंच मला वाटतं. सुनंदावहिनींनी त्यांना इतकी वर्षं जेवू घातलं, तरी मला त्यांना माफ करता आलेलं नाही.

सोसायटीच्या गेटवर भावपूर्ण श्रद्धांजलीचा भलामोठा फ्लेक्स लागला. फोटो वाढदिवसाचाच होता. स्टुडिओवाल्याने सुरकुत्या काढल्या होत्या, रंग उजळला होता, मागे हिरवे डोंगर टाकले होते, आणि दात एकसारखे, पांढरेशुभ्र. सुळासुद्धा सरळ केला होता. मी जाता-येता मान वळवायचे. मग थंडी पडली, डंपरांची धूळ फ्लेक्सवर बसायला लागली, कावळ्यांनी आपलं काम केलं. डोंगर करपले, गालावर छाया आली आणि दात हळूहळू पिवळसर झाले. जानेवारीत एकदा भाजी घेऊन येताना मी सहज वर पाहिलं आणि थबकले. काका होते. अगदी तेच. त्यानंतर रोज मी तिथे क्षणभर थांबायला लागले.

पंचवीस तारखेच्या संध्याकाळी वॉचमन शिडी लावून, बादली घेऊन वर चढलेला दिसला.

"राहू दे," मी म्हटलं. "खाली उतर. आता कुठे काकांसारखे दिसतायत."

"सेक्रेटरींनी सांगितलंय, ताई. उद्या झेंडावंदन हाय. कसं घाण दिसतंय बघा."

मी फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि घरी आणलं. त्याच्याकडे दुसरं असणारच, हे मला सुचलं नाही. सकाळी सगळे गेटपाशी जमलो तेव्हा काका पांढरेशुभ्र दात काढून आमच्यावर हसत होते. "किती प्रसन्न दिसतात ना!" सुनंदावहिनी माझ्या शेजारी येऊन म्हणाल्या. राष्ट्रगीत सुरू झालं. मी दातावर दात दाबून उभी राहिले. त्यातला एक काकांचा होता.