मणिहारांच्या गल्लीतलं वळण

बाबांची विमा कंपनीतली नोकरी बदलीची. साताऱ्याहून जयपूरला आलो तेव्हा मी सातवीत होते. शास्त्रीनगरात वाढले, आणि कॉलेज संपेपर्यंत माझी हिंदी इतकी तिथली झाली की भाजीवाल्यालाही मी बाहेरची वाटत नसे. पुढे जुन्या शहरात पर्यटकांना पायी फिरवणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी गाइडचं काम शिकायला लागले. शिकवणारे साठीचे होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत.

"पाठ केलेलं म्हणून दाखवू नकोस," ते सांगायचे. "पाहुण्याला आधी बघू दे. मग विचार, काय दिसलं? तो जे म्हणेल त्याला धरून पुढचं सांग."

हिवाळाभर मी त्यांच्या मागून चालले. ऊन कुठे येतं, गर्दीत लोकांना कुठे उभं करायचं, आवाज किती लावायचा, सगळं त्यांचं बघून उचललं.

उन्हं तापायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा एकटीला गट मिळाला. त्यात एक मराठी जोडपं होतं, निवृत्त झालेलं. कितीतरी दिवसांनी घराबाहेर मराठी कानावर पडलं म्हणून मी हरखून बोलणार, तेवढ्यात काकू काकांच्या कानाशी लागल्या.

"फार गोड बोलतेय. म्हणजे दुकानात नेणार."

आता मराठीत बोलणं म्हणजे त्यांना रंगेहाथ पकडल्यासारखं झालं असतं. मी हिंदीतच सुरू ठेवलं आणि कान मात्र मागे लावून चालले.

मणिहारांच्या गल्लीत लाखेच्या बांगड्या करणाऱ्या आजींनी शेगडीवरची लाख फिरवता फिरवता विचारलं, "आ गई, बेटा?"

"बघितलंत? सगळे ओळखीचे," मागून आलं. "साखळी असते यांची."

एका जाळीच्या खिडकीखाली थांबून मी मास्टरजींसारखंच विचारलं, काय दिसतंय?

"हिलाच ठाऊक नसेल, म्हणून आपल्याला विचारतेय."

काका हसले. माझे कान तापले. तरी पुढच्या कोपऱ्यावर काकू जे म्हणाल्या ते त्याहून लागलं.

"आता वळेल बघा."

आणि मी खरंच वळतच होते. डाव्या हाताच्या बोळात बगरू गावच्या छापील कापडाचं एक दुकान होतं. मास्टरजी प्रत्येक गट तिथे नेत, अंगणात बसवत, ठसा उठवून दाखवत. बोळात दुसरं बघण्यासारखं काहीच नव्हतं. फेरी जिथे संपायची त्या देवळाकडे जायला सरळ रस्ता जवळचा होता. आपण इतके दिवस इथे का वळतोय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"सीधे चलते हैं," मी म्हटलं.

सरळ रस्त्यावर सावलीचा मागमूस नव्हता. थोडं गेल्यावर काकू एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. चेहरा उतरला होता. "अहो, हिला विचारा ना, इथे कुठे बाथरूम आहे का," त्या पुटपुटल्या. काका हिंदी जुळवत उभे राहिले.

मला राहवेना. "काकू, मागच्या बोळात आहे. चला. पण ते दुकान आहे, आधीच सांगते."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे मघापासून सगळं…"

"हो."

"मग बोलली का नाहीस गं?"

मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला. अंगणात पंख्याखाली सगळा गट टेकला. काकूंनी पाणी घेतलं, कापडाला हात लावला नाही. निघताना म्हणाल्या, "हा दुकानदार तुझा कोण?"

"माझा कुणी नाही."

"मग कुणाचा?"

दुसऱ्या दिवशी मी तेच मास्टरजींना विचारलं. ते चहा पीत होते.

"माझा साडू," ते शांतपणे म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस. आणि त्या भागात बायकांना बाथरूमला जायला दुसरी जागा दाखव, बेटा. उद्यापासून तिकडे नेतो."

मी दुपारच्या दुपार शोधत हिंडले. एका हवेलीच्या मालकीणबाई हो म्हणाल्या आणि पुढच्या वेळी दाराला कुलूप. देवळाच्या पुजाऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. खरंच दुसरी जागा नव्हती. मास्टरजींनी गरजेपोटी साडूचं दुकान निवडलं, की दुकानापोटी गरज शोधली? मला कळलं नाही. त्यांच्या इतर गोष्टींकडेही मी मग तशाच नजरेनं बघायला लागले. कुठल्या खिडकीतून पूर्वी कोण डोकावायचं, हे ते रंगवून सांगत; ते त्यांना कुणी सांगितलं असेल?

वळण मी ठेवलं. पण निघतानाच गटाला सांगायला लागले, "वाटेत आमच्या मास्टरजींच्या साडूंचं दुकान आहे. तिथे बसायला आणि बाथरूमसाठी थांबू. काही घ्यायलाच हवं असं नाही."

एकदा ते मागे उभे असताना मी हे बोलले. त्यांनी ऐकलं. मला अडवलं नाही, त्याविषयी कधी काही काढलंही नाही. फक्त आपले खास पाहुणे ते अधूनमधून माझ्याकडे सोपवू लागले होते, ते त्यानंतर माझ्याकडे कधी आले नाहीत.