न हसणारी व्हर्ला

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या आमच्या गावाबाहेर हमरस्त्याच्या वळणावर एक दगडी बाई उभी आहे. बैलगाड्यांमागून चालत नव्या वस्तीसाठी पश्चिमेकडे निघालेल्या पहिल्या बायांचं ते स्मारक. डोक्याला टोपडं, काखेत बाळ, हातात बंदूक आणि चेहरा असा, की वाऱ्यानंही वळसा घालून जावं.

गावात दुसरी बाई आहे, व्हर्ला क्रेनशॉ. तिचं तोंड म्हणजे उघडा नळ. डोनटच्या दुकानात ती शिरली की कॉफी आधी थंड होते, वाक्य मागाहून संपतं. दोन्ही नवरे आपण बोलून बोलूनच पुरले, असं ती स्वतःच सांगते. पण सप्टेंबरच्या मिरवणुकीत हीच बाई ट्रकवर त्या पुतळ्याचं सोंग घेऊन उभी राहते. स्मारकासमोर ट्रक थांबतो. ज्याच्यात दम असेल त्यानं तिला हसवावं. तिशीत पहिल्यांदा चढली, आता सत्तरी ओलांडली. अजून कुणाला जमलेलं नाही.

यंदा तिला नवा गुडघा बसवला. मिरवणूक समितीचे ड्वेन प्रुइट घसा खाकरून म्हणाले, "व्हर्ला, ह्यावेळी एखादी तरुण पोरगी बघावी म्हणतो. तू हललीस-बिललीस तर?"

"त्या बाया काय नवे गुडघे घालून चालल्या होत्या? हलले तर हे टोपडं तुझं, ड्वेन. कायमचं. तुला शोभेलही."

नकलांत गावात माझा हात कुणी धरत नाही, म्हणजे खरा धोका मीच. आदल्या दिवशी तिच्याकडे गेले. "व्हर्लाबाई, यंदा मी गप्प बसते."

"गप्प बसलीस तर कान उपटीन! कीव करायला मी काय मयत आहे?"

मग मिरवणुकीत ट्रक थांबल्यावर मीही ठेवणीतलं काढलं. ड्वेनचं खाकरणं, पाद्रीबाबांचं ताणलेलं 'आमेन' आणि शेवटी खुद्द व्हर्ला: डोनट, नवरे, गुडघा, सगळं एका श्वासात. लोक पोट धरून रस्त्यावर बसले. ड्वेननी व्हर्लाच्या जागी हेरून ठेवलेल्या पोरीच्या नाकातून सरबत आलं. ड्वेन तर डोळे पुसत चाकाला टेकले.

व्हर्ला? दगड.

बँड वाजला, वेळ संपली. तिनं काखेतलं बाहुलीचं बाळ ड्वेनच्या हातात कोंबलं आणि माझ्याकडे वळली.

"माझा आवाज एवढा चिरका नाही. आणि दुसऱ्या नवऱ्याचा खोकला राहिला. पुढच्या वर्षी नीट कर."

'पुढच्या वर्षी' म्हणताना ती ड्वेनकडे बघत होती. ते बाळाला जोजवत नुसती मान डोलावत राहिले.