संगमरवरी बाई आणि हसनमामा

हसनमामा कुठेही आत शिरताना आधी खाकरायचे. दुकान असो, नाही तर रिकामी खोली. "आत बाईमाणूस असलं तर पदर सावरायला वेळ नको?" आमच्या रत्नागिरीच्या गलबतावर ते शिडं शिवायचे. गलबतावर बाई कुठून येणार? तरी तळात उतरताना खाकरायचेच. आम्ही खलाशी हसायचो. मामांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आता हसू येत नाही.

मग एका खेपेला तळात खरंच बाई निघाली.

साठ सालानंतरची गोष्ट. मुंबईहून एका गोऱ्या साहेबाची पेटी अरबस्तानातल्या खोर फक्कान बंदराला पोचवायची होती. आज तिथे कंटेनरांचे डोंगर आहेत. तेव्हा वाळू, खजुरी आणि मागे तांबूस डोंगर. लाटांच्या माराने पेटीच्या फळ्या निखळल्या आणि आत दिसली संगमरवराची बाई. साहेबाच्या पणज्याच्या काळात तिकडे विलायतेत घडवलेली. अंगावर सूत नाही. पाण्याचा उजेड झरोक्यातून येऊन तिच्या पोटावर हलायचा, तेव्हा वाटायचं, श्वास घेतेय. शाळेत मी फार गेलो नाही, पण दगड मऊ झालेला मी पाहिलाय. कोणी नाही म्हणालं तरी मी ऐकणार नाही.

किनारा समोर दिसत असतानाच वारा पडला. दर्या तेलासारखा. मोठं शीड फाटून मामांच्या मांडीवर आलेलं. खलाशी कुजबुजायला लागले, आणि आमचा नाखवा गरजला, "ह्या नागडीनेच वारा बांधलाय. टाका पाण्यात. खलास!"

मामा खाकरून तळात गेले, बघून वर आले.

"मान बघितलीत तिची? लाजून वळवल्येय. डोळे तुमचे उघडे, आणि दोष तिला? कोणीतरी विश्वासाने आपल्या हवाली केल्येय. अमानत आहे."

"मग ऐका मामा. शीड शिवून होईस्तोवर वारा आला तर ठीक. नाही तर बाई दर्यात."

"इन्शाल्ला," म्हणत मामांनी दाभण उचललं.

मामांसारखा झपाझप हात अख्ख्या बंदरात नव्हता. पण त्या दिवशी टाका घालायचे, "वाकडा पडला" म्हणायचे आणि उसवायचे. पुन्हा घालायचे, पुन्हा उसवायचे.

"मामा, डोळे गेले काय?" नाखवा खेकसला.

"म्हातारा झालो, हबीबी. घाई असेल तर तुम्ही शिवा."

शिवणार कोण? दुसऱ्या कोणाला येतच नव्हतं. ऊन चढलं, डोंगर पाण्यात उलटे तरंगायला लागले. मला वाटायला लागलं, खाली ती झोपलीय आणि आम्ही सगळे तिच्या स्वप्नात आहोत. ती जागी झाली की आम्ही नाही.

दुपार कलली, आणि असरच्या नमाजानंतर समुद्राकडून झुळूक आली.

"वारा! मामा, यल्ला, हात चालवा!" नाखवाच ओरडला. मामांची बोटं अशी धावली की दाभण दिसेना.

किनारा गाठला. दोरांनी तिला मचव्यात उतरवायचं होतं. मामांनी आपली पांढरी चादर आणली. आमच्यात बाईचा जनाजा कबरीत उतरवताना वर चादर धरतात, परक्याची नजर पडू नये म्हणून.

"तशीच धरायची," मामा म्हणाले.

चौघांनी टोकं धरली. ती अर्ध्यावर असतानाच वारा चादरीत शिरला. एक टोक सुटलं, चादर फुगून उडाली, आणि तिच्या खांद्यावर सोनेरी ऊन पडलं.

"तोंडं फिरवा रे!"

आवाज नाखवाचा होता. त्याने स्वतः आधीच फिरवलं होतं.

मामांनी फडफडणारं टोक पकडून त्याच्या हातात दिलं. डोंगराकडे बघतच त्याने ते घट्ट धरलं, ती मचव्यात टेकेपर्यंत.