दोन ते तीस, पाच मिनिटे

मंगळवार, १० मार्च १९६४. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. कल्लाप्पा चौगुलेने सहा हँगर डेव्हलपरच्या टाकीत सोडले आणि बेच्या पाढ्याला सुरुवात केली.

हँगर म्हणजे पोलादी चौकटी. प्रत्येकीच्या चार कोपऱ्यांतल्या चिमट्यांत एकेक एक्स-रे फिल्म ताणून बसवलेली असते. या फिल्म माणसांच्या छातीच्या नव्हत्या. बॉयलरवर बसणाऱ्या झडपांच्या ओतीव कवचांच्या होत्या. यशवंतपूरच्या पुढे असलेल्या या सरकारी कारखान्यात प्रत्येक कवचाचा एक्स-रे निघे, कारण वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पोलादाच्या पोटात केसाएवढी चीर असू शकते. फिल्म नीट धुतली असेल तर ती चीर काळी रेघ होऊन उमटते. नसेल तर झडप पास होते आणि बॉयलरवर चढते.

फिल्म धुण्याची खोली दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद होती. एका बाजूला सागवानी पेटीत बसवलेल्या चार टाक्या: चित्र उमटवणारा डेव्हलपर, साधे पाणी, ते चित्र पक्के करणारा हायपो आणि पुन्हा वाहते पाणी. कोपऱ्यात लाल दिवा, त्याच्या उजेडात आपला हात आपल्याला दिसावा इतकाच. डेव्हलपरमध्ये बुडवलेला थर्मामीटर. बंगळूरच्या नळाचे पाणी वर्षातले आठ महिने हवे तेवढेच थंड असते. एप्रिल-मेमध्ये टाक्यांभोवती बर्फाचे तुकडे टाकावे लागत.

डेव्हलपर अडुसष्ट अंश फॅरनहाइटवर असेल तर त्यात फिल्म पाच मिनिटे राहिली पाहिजे. त्यासाठी १९५८ मध्ये घंटीचे घड्याळ आले होते. डार्करूमच्या दमट, आंबट हवेत ते सहा महिन्यांत गंजले. नवे मागवले, ते आले नाही. तेव्हापासून कल्लाप्पा वेळ पाढ्यांनी मोजत होता. निपाणीजवळच्या खेड्यात तो चौथीपर्यंत शिकला होता आणि शाळेतून बाहेर पडताना त्याला दोन ते तीस पाढे येत होते. एकोणतीस पाढे, दोनशे नव्वद ओळी, एका ओळीला एक सेकंद, आणि वरचे दहा सेकंद हँगर सोडण्या-उचलण्यात. विभागाचा इंजिनिअर उपेंद्र टिपणीस पुण्याहून नवा आला तेव्हा त्याचा यावर विश्वास बसला नाही. मनगटी घड्याळ घेऊन तो दाराबाहेर तीनदा उभा राहिला. हँगर सोडल्यापासून उचलेपर्यंत पाच मिनिटे दोन सेकंद, चार मिनिटे एकोणसाठ सेकंद, पाच मिनिटे एक सेकंद. त्यानंतर घड्याळाची आठवण कुणी केली नाही.

कल्लाप्पा बावन्न वर्षांचा होता. कारखान्यात तो १९५५ मध्ये लागला, तो वाळूखात्यात, म्हणजे जिथे ओतकामाचे साचे भरतात तिथे. दिवसभर फावड्याने वाळू ओढायची. वर्षभरात त्याला खोकला लागला. त्याने आधी शहरातल्या एका स्टुडिओत फिल्म धुतल्या होत्या, हे कळल्यावर फोरमनने त्याला डार्करूममध्ये आणले. इथे खोकला थांबला. नखे तपकिरी झाली आणि नाकाला हायपोचा वास यायचा बंद झाला, एवढेच.

डार्करूममध्ये दोघे असत. गेल्या ऑक्टोबरमध्ये दुसरा, परसू, स्टोअरमध्ये बदलला. त्याच्या जागी माणूस देणार होते. तोपर्यंत दोघांचे काम कल्लाप्पाने करायचे ठरले. सकाळी सातला तो आत शिरे आणि संध्याकाळी साडेपाचला बाहेर येई. घरी जेवताना त्याची मान ताटावर पडे. बायको गंगव्वा त्याच्या खांद्याला धरून हलवी आणि म्हणे, "घास तरी गिळा, मग झोपा." पाच महिन्यांत त्याने एक रजा घेतली होती, तीही मेव्हण्याच्या बाराव्यासाठी.

मंगळवारच्या त्या सहा फिल्म दहा वाजता वाळल्या. त्या तपासायला हेमलताकडे गेल्या. हेमलता चिकपेटेतल्या तीन पिढ्यांच्या मराठी घरातली. दुधी काचेच्या दिव्याच्या पेटीवर फिल्म ठेवून ती चिरा शोधी. तिने पहिली फिल्म ठेवली आणि हाक मारली.

"अण्णा, आज फिल्मांना उपास घडवलात काय? बघा की, कशा फिक्कट."

"डेव्हलपर जुना झाला असंल, अक्का."

"काल तर नवा केलात."

"मग डोळं जुनं झालं असतील. तुमचं न्हाईतर माझं."

"माझं अजून नवं आहे हं," हेमलता म्हणाली. तिने सहाही फिल्म पुन्हा पाहिल्या. "स्वल्प फिक्कट आहेत. चालतील." तिने सहा पाकिटांवर सह्या केल्या.

कल्लाप्पाने तरीही डेव्हलपर ओतून दिला आणि नवा केला. बुधवारच्या फिल्म व्यवस्थित आल्या. म्हणजे दोष डेव्हलपरचा होता, असे त्याने धरले.

गुरुवारी दुपारी पावणेतीनला, एक खेप टाकीत असताना, त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. तोंड म्हणत होते: बारा सक बहात्तर, अठरा पंचे नव्वद, अठरा सक एकशे आठ.

तो थांबला. बहात्तर हा आकडा बाराच्या पाढ्यात सहाव्या ओळीला येतो आणि अठराच्या पाढ्यात चौथ्या ओळीला. शाळकरी पोरे झोपेत असतील तर तिथे घसरतात. बहात्तर म्हटल्यावर जीभ बाराऐवजी अठराची वाट धरते, आणि मधले तेरा ते सतरा हे पाढे कुणी म्हणतच नाही. त्याने अंधारात हिशेब केला. अठ्ठावन्न ओळी गळत होत्या. अठ्ठावन्न सेकंद. पाच मिनिटांतले जवळजवळ एक मिनिट.

ती खेप त्याने बारा साती चौऱ्याऐंशीपासून पुढे म्हणून पूर्ण केली. फिल्म चांगल्या आल्या. पण मंगळवारच्या फिल्म का फिक्क्या होत्या ते आता त्याला कळले. आणि मंगळवार हा पहिलाच दिवस होता असे मानायला काही कारण नव्हते.

संध्याकाळी त्याने गंगव्वाला सांगितले. ती भाकरी थापत होती.

"कुणी बघितलं काय?"

"अंधारात कोण बघणार?"

"मग सांगितलासा तर काय करतील?"

"काढणार न्हाईत. वाळूत घालतील."

गंगव्वाने भाकरी तव्यावर टाकली. "त्या वरसाला रातभर खोकत होतासा. मी उशाला बसत होते."

"ठावं हाय."

"आणि न्हाई सांगितलं तर?"

"बॉयलरपाशी माणसं उभी असत्यात."

तिने भाकरी उलटली. म्हणाली, "मग मला कशाला इचारताय? जेवा आधी. आज तरी जागं राहून जेवा."

शुक्रवारी सकाळी सात वाजता कल्लाप्पा डार्करूममध्ये न जाता टिपणीसच्या टेबलासमोर उभा राहिला. त्याने सगळे सांगितले, बहात्तरासकट. टिपणीसने मधे एकदाही थांबवले नाही.

"किती दिवस होतंय हे?"

"तेच ठावं न्हाई, साहेब."

"अंदाजे?"

"अंदाज असता तर तेवढ्याच फिल्म काढून दिल्या असत्या."

"ऑक्टोबरपासून तुम्ही एकटे आहात."

"व्हय."

टिपणीसने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घड्याळाच्या मागणीचं इंडेंट मी दोनदा पाठवलं. तिसऱ्यांदा पाठवलं नाही. म्हटलं, कल्लाप्पा आहेत." मग त्याने विचारले, "हे कुणाला सांगितलंत?"

"बायकोला."

"काय म्हणाली?"

"जेवा म्हणाली."

प्रत्येक फिल्म झडपेच्या नंबरासह पाकिटात ठेवलेली होती, म्हणून शोध घेता आला. ऑक्टोबरपासूनच्या एक हजार एकशे चौसष्ट फिल्म शनिवारपासून मंगळवारपर्यंत एकेक करून दिव्याच्या पेटीवर ठेवल्या गेल्या. रविवारीही तिघे आले. कल्लाप्पा पाकिटे उघडी, हेमलता फिल्म पाही, टिपणीस नंबर लिही. दुसऱ्या दिवशी दुपारी हेमलता म्हणाली, "अण्णा, तुमच्या फिल्मा आता माझ्या स्वप्नात येतात." कल्लाप्पा म्हणाला, "मला स्वप्न पडायला झोप तर लागाय पाहिजे." हेमलताने पुढची फिल्म ठेवली.

फिक्क्या फिल्म बेचाळीस निघाल्या. सात खेपा. पहिली १९ नोव्हेंबरची होती. ज्या पाकिटांवर 'चालतील' म्हणून सह्या होत्या, त्या सगळ्या हेमलताच्या होत्या. तिने त्या मोजल्या आणि आकडा टिपणीसने न विचारताच त्याला सांगितला.

बेचाळीसपैकी एकतीस झडपा अजून कारखान्यात होत्या. त्यांचे पुन्हा एक्स-रे काढले. धुवायला दुसरे कुणी नव्हते, म्हणून त्या फिल्म कल्लाप्पानेच धुतल्या. टिपणीस मनगटी घड्याळ लाल दिव्याजवळ धरून शेजारी उभा राहिला. कल्लाप्पाचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. हँगर उचलायला टिपणीस "आता" म्हणे, तेव्हा त्याचा हात आधीच दांडीवर असे. एकतीसपैकी दोन कवचांत चीर सापडली.

अकरा झडपा बाहेरगावी गेल्या होत्या. तारा केल्या. नऊ खोक्यांतच होत्या, त्या परत आल्या. दोन एका गिरणीच्या बॉयलरवर बसलेल्या होत्या. गिरणीने रविवारी बॉयलर थंड करून त्या काढल्या आणि रेल्वेने पाठवल्या. त्यांच्या फिल्म शुक्रवारी, २७ मार्चला, सकाळी धुतल्या गेल्या. एका झडपेत मानेपाशी दीड इंच लांबीची चीर होती. हेमलताने ती फिल्म पेटीवरून काढली नाही. टिपणीस आला, पाहिली आणि गेला. कल्लाप्पाने दारातूनच पाहिली. चीर नीट उमटली होती.

शनिवारी हुकूम निघाला. परसूला डार्करूममध्ये परत बोलावले. घंटीचे घड्याळ शहरातल्या दुकानातून एका दिवसात आणले. टिपणीसला लेखी ताकीद मिळाली. हेमलताला तोंडी. कल्लाप्पाची बदली वाळूखात्यात झाली.

टिपणीस तो कागद घेऊन स्वतः डार्करूमच्या दारापाशी आला.

"माणसाने स्वतः येऊन सांगितलं, असं मी अहवालात लिहिलं होतं. टाइप होऊन आलं तेव्हा ते वाक्य नव्हतं."

"बरं, साहेब."

"मी परत लिहीन."

"लिहा की." कल्लाप्पाने कागद घडी करून खिशात ठेवला. "परसूला सांगा, थर्मामीटर एक अंश जास्त दावतो. त्याच्या टायमाला बरोबर होता."

दुपारभर त्याने उरलेल्या फिल्म धुतल्या, टाक्यांवर झाकणे ठेवली आणि साडेपाचला दिवा मालवला. रविवारी तो दुपारी दोनपर्यंत झोपला. गंगव्वाने उठवले नाही.

वाळूखात्याची हजेरी डार्करूमपेक्षा पाव तास आधी, पावणेसातला होते. कल्लाप्पाच्या घराजवळून, श्रीरामपुरमहून, त्या वेळेत पोचवणारी एकच बस आहे. ती पाच पन्नासला सुटते. सोमवारी कल्लाप्पा तीत होता.