परसातला कोपरा

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही. अख्खी गल्ली नव्या इमारतींत राहायला गेली, बिल्डरच्या विनवण्या करून झाल्या, पण या ढिम्म हलल्या नाहीत. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं एकुलतं एक बाळ जन्मतःच गेलं. त्या दवाखान्यात बेशुद्ध होत्या. थोरल्या दिरांनी एकट्यानेच बाळ घरी आणलं आणि परसात मागच्या भिंतीलगत पुरलं, असं शुद्धीवर आल्यावर त्यांना सांगितलं.

त्या कोपऱ्यात जाऊबाई कुणाला पाय ठेवू देत नसत. संध्याकाळी तिथे स्टूल टाकून भाजी निवडायच्या आणि माझ्या चहाड्या बाळाला सांगायच्या, त्याही मला ऐकू येतील अशा बेताने. दीर गेले, गुडघे गेले, तरी बाई तिथेच.

मग कळलं, की वस्ती जुनी असल्यामुळे बांधकामाआधी पुरातत्त्वाची माणसं जमीन तपासणार. यंत्राने नाही, हाताने, थापीने माती खरवडत. जाऊबाईंनी लगेच बिल्डरच्या कागदांवर सही केली. "माझं बाळ हलक्या हाताने काढतील," म्हणाल्या. "जाईन तिथे घेऊन जाईन." मऊ चादर फाडून त्यांनी दुपटंसुद्धा शिवलं.

तपासणीवाल्या बाई भल्या होत्या. ठरलेल्या आखणीबाहेर जाऊन त्यांनी तो कोपरा भिंतीपर्यंत उघडला. जाऊबाई दुपटं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेवटी बाई वर आल्या.

"आजी, इथे काही नाही."

"इवलीशी हाडं ती. विरली असतील," जाऊबाईंनीच त्यांना वाट करून दिली.

मी बाईंना डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा. काय बिघडणार होतं?

"विरतात," बाई म्हणाल्या.

माझ्या जिवात जीव आला. पण जाऊबाई गप्प बसतील तर ना! "आणि खड्डा गं? तिकडे जुन्या खांबाचा दाखवलास की मला. खांब कुजून गेला, तरी खणलेली माती वेगळी दिसते म्हणालीस."

बाईंनी मान खाली घातली. "हो आजी. इथली माती कधी कुणी खणलेलीच नाही."

मला दिरांचा असा संताप आला! मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी तिथल्या घमेल्याला लाथ घातली. पण त्यांचं तरी काय चुकलं? दवाखान्यातच सोडून आले असतील, आणि बायकोचं तोंड पाहून खरं बोलायला जीभ रेटली नसेल. तिला जगवायला काहीतरी सांगितलं, आणि ती तेवढ्यावरच जगली.

जाऊबाई रडल्या नाहीत. दुपट्याची घडी उलगडत, पुन्हा घालत राहिल्या. मग माझा हात घट्ट धरला.

"मग माझं लेकरू कुठंय गं?"

मी त्यांच्याजवळ बसले.

"सांग ना," त्या म्हणाल्या. "आता कुणाला विचारू मी?"